चिखलदऱ्याचा हादरा आणि इराईचा बर्फ

३० सप्टेंबर २०२४, सोमवार. दुपारचे १ वाजून ३७ मिनिटं झाली होती. मेळघाटात जमीन हालली. चिखलदरा तालुक्यातल्या काटकुंभ, चुर्णी भागातले लोक घराबाहेर आले. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्रानं थोड्याच वेळात आकडा जाहीर केला : ४.२.

महाराष्ट्रात भूकंप म्हटला की कोयना आणि किल्लारी ही दोनच नावं तोंडी येतात. वऱ्हाडाचं नाव कुणी घेत नाही. ‘आपल्याकडे कायचा भूकंप गा?’ असं म्हणून विषय मिटतो. पण अमरावती-अकोल्याच्या मातीखाली मोठा भ्रंश आहे, शेकडो मीटर गाळ आहे, सुमात्राहून उडत आलेली राख आहे. जरा चंद्रपूरपर्यंत गेलात, तर हिमनदीनं ओरखडलेला दगडसुद्धा आहे. या मुलुखाला भूशास्त्राच्या बाबतीत बिनमहत्त्वाचं समजणं मला अजिबात पटत नाही. पुढचा मजकूर वाचून तुम्हालाही पटणार नाही.

फरक दोनचा, ताकद हजारपट

चिखलदऱ्याचा धक्का बसला ती तारीख पाहा. बरोबर ३१ वर्षांपूर्वी, ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली होती. तारीख जुळली हा निव्वळ योगायोग. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता, चिखलदऱ्याचा ४.२ चा. वजाबाकी केली तर फरक फक्त दोनचा.

पण भूकंपाच्या मापात साधी वजाबाकी चालत नाही. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये हे माप बसवलं, तेव्हाच एक अंक वाढला की लाटेची उंची दहापट होईल अशी रचना केली. दोन अंक वाढले की शंभरपट. बाहेर पडणारी ऊर्जा तर दर अंकाला सुमारे ३२ पट वाढते. दोन अंकांचा हिशेब केला की उत्तर येतं हजार. म्हणजे चिखलदऱ्यासारखे हजार भूकंप एकत्र केले, तर किल्लारीचा एक होतो.

किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यांचा जीव लाटांपेक्षा घरांनी जास्त घेतला. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्यात पहाटेची गाढ झोपेची वेळ. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांचं छतही मातीचंच. उन्हाळ्यात ते घर थंड राहतं, म्हणून लोकांना प्रिय. पण भिंती सुट्या दगडांच्या असतील आणि त्यांना बांधून धरणारा पट्टा नसेल, तर डोक्यावरचं ते वजन धोक्याचंच. धाब्याचं घर अजून वापरात असेल, तर गवंड्याला बोलावून भिंतींचे कोपरे आणि छताचा आधार एकदा तपासून घ्या.

आधी ‘पी’, मग ‘एस’

भूकंप झाला की एकाच ठिकाणाहून दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली ‘पी’ लाट. ती खडकाला पुढे-मागे दाबत जाते आणि कवचातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर पळते. दुसरी ‘एस’ लाट खडकाला आडवी हलवते. तिचा वेग साडेतीन किलोमीटरच्या आसपास, पण पडझड जास्त तिचीच. पावसाळ्यात वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आपण मनात आकडे मोजतो ना, तसंच इथेही मोजता येतं. दोन धक्क्यांमधले सेकंद मोजा आणि आठानं गुणा. भूकंप तुमच्यापासून अंदाजे किती किलोमीटरवर झाला, ते कळेल.

चिखलदऱ्यावर हे करून पाहू. चिखलदऱ्यापासून अमरावती शहर सरळ रेषेत ७० किलोमीटरांच्या आत-बाहेर आहे. ‘पी’ लाट तिथं ११ सेकंदांत पोचते, ‘एस’ला १९-२० सेकंद लागतात. मधे आठ सेकंद. आठ आठे चौसष्ट. गणित छान जमलं! अकोला थोडं लांब आहे, तिथं हा फरक दहाएक सेकंदांचा होईल. किल्लारी ते अकोला तर जवळपास ३०० किलोमीटर. १९९३ च्या त्या पहाटे पहिली लाट अकोल्याखालून जायला पाऊण मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागला असणार. दुसरी त्यानंतर अर्ध्या मिनिटानं.

मोठ्या धक्क्याआधी कुत्री भुंकतात असं लोक सांगतात. त्याचा एक साधा अर्थ लागतो. ‘पी’ लाट बारीक असते, माणसाला ती बऱ्याचदा जाणवत नाही, पण जनावराला जाणवू शकते. तीन दिवस आधी कुणाला काही कळतं असं मात्र सिद्ध झालेलं नाही. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची पद्धत आजवर कुठल्याही देशाकडे नाही. व्हॉट्सॲपवर ‘आज रात्री भूकंप येणार’ असा निरोप आला, तर तो पुढे न पाठवता पुसून टाका.

या दोन लाटा वेगळ्या ओळखल्या त्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला होते. १२ जून १८९७ ला आसाम-शिलाँगचा प्रचंड भूकंप झाला, तेव्हा भारतात भूकंपमापक यंत्रच नव्हतं. पहिलं यंत्र पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, कोलकात्याच्या अलीपूरला बसलं. ओल्डहॅम यांनी युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या त्या भूकंपाच्या रेघा मागवून वाचल्या आणि त्यांत लाटांच्या वेगवेगळ्या टोळ्या त्यांना दिसल्या. पुढे १९०६ मध्ये अशाच रेघांवरून त्यांनी पृथ्वीच्या पोटात वेगळा गाभा आहे हे दाखवलं. ‘एस’ लाट द्रवातून जाऊ शकत नाही. बाहेरचा गाभा वितळलेला आहे, हे पुढे कळलं ते त्यावरूनच. त्या द्रवाच्याही आत घट्ट गोळा आहे, हे १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान या बाईंनी शोधलं. सहा हजार किलोमीटर खोल कुणी उतरलं नाही. कागदावरच्या रेघा वाचून हे सगळं समजलं. मला हा विज्ञानातला सगळ्यात रोमांचक प्रकार वाटतो.

गाविलगडचा कडा कुणी उभा केला?

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना सपाट रान अचानक संपतं आणि समोर सातपुडा उभा राहतो. पायथ्याशी अचलपूर-परतवाडा, वर ११०० मीटरच्या आसपास चिखलदरा, शेजारी गाविलगडचा किल्ला. ही भिंत नुसत्या पावसानं कोरलेली नाही. पायथ्यालगत ‘गाविलगड भ्रंश’ जातो. भ्रंश म्हणजे जमिनीला पडलेली अशी चीर, जिच्या दोन्ही बाजू वर-खाली किंवा मागे-पुढे सरकलेल्या असतात. इथं उत्तरेची बाजू वर राहिली आणि दक्षिणेची खाली गेली. ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हापासून दख्खनचा काळा दगड झाला, तोच दगड चिखलदऱ्यात डोक्यावर आहे आणि पूर्णेच्या खोऱ्यात गाळाखाली गाडलेला आहे.

खाली गेलेल्या त्या पट्ट्यातून पूर्णा वाहते. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जातात, पूर्णा पश्चिमेला जाऊन तापीला मिळते आणि तिचं पाणी अरबी समुद्रात पोचतं. अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरची वर्धा नदी मात्र गोदावरीच्या वाटेनं बंगालच्या उपसागराला जाते. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस देशाच्या दोन टोकांना वाटला जातो!

हा भ्रंश मोठ्या कुटुंबातला आहे. नर्मदा, शोण आणि तापी यांच्या बाजूनं मध्य भारतात भेगांचा लांबलचक पट्टा गेला आहे. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात सहाहून जास्त तीव्रतेचा भूकंप झाला, तो याच पट्ट्यात. २२ मे १९९७ च्या मध्यरात्रीनंतर जबलपूर हादरलं, तेही याच पट्ट्यात. जबलपूरच्या भूकंपाचं केंद्र सुमारे ३५ किलोमीटर खोल होतं, जवळपास कवचाच्या तळाशी. म्हणजे ही चीर वरवरची नाही.

भूशास्त्राची सहल एका दिवसात करायची असेल, तर मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीला जा. महाशिवरात्रीच्या यात्रेला हजारो लोक तिथं जातातच, यात्रा आटोपली की जरा नदीच्या काठचे दगड बघा. अतिप्राचीन पट्टेदार खडक, त्यावर गोंडवन काळातले वाळूचे दगड, त्यावर डायनोसॉरच्या काळातले लॅमेटा थर आणि सगळ्यांवर दख्खनचा काळा दगड, हे सगळं जवळजवळ दिसतं. भ्रंशानं खालचे थर वर आणले म्हणून हे शक्य झालं. इथल्या लॅमेटा थरांत डायनोसॉरची हाडं सापडली आहेत. या भागात गरम पाण्याचा झराही आहे. खोल गेलेलं पाणी तापून भेगेच्या वाटेनं पुन्हा वर येतं.

पूर्णेच्या गाळाखाली

अकोट, तेल्हारा, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी. या बाजूला विहीर खोदणाऱ्याला दगड लागतच नाही, नुसती माती आणि रेती. पूर्णेच्या खोऱ्यात काही ठिकाणी गाळाची जाडी ३०० मीटरांहून जास्त आहे. जमीन खाली जात राहिली आणि सातपुड्यातून येणारे नदी-नाले ती भरत राहिले.

याच गाळात आपला खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला. इथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या गोड्या पाण्यासाठी पायपीट केली ती या मातीमुळं. खारेपणाचं कारण शोधायला समुद्र लागत नाही. चिकणमातीतून पाण्याला धड निचरा नाही, ते फार काळ खाली अडकून राहतं, वरून ऊन बाष्प उडवतं आणि क्षार मागं उरतात.

याच गाळात अभ्यासकांनी ज्वालामुखीची राख ओळखली आहे. वऱ्हाडात तेव्हा ज्वालामुखी नव्हता. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी इंडोनेशियात सुमात्रा बेटावरचा टोबा फुटला आणि त्याची राख वाऱ्यावर समुद्र ओलांडून आली. ती पडली, पावसानं वाहिली, पूर्णेच्या काठी साचली आणि गाळाखाली जपली गेली.

आता भूकंपाच्या दृष्टीनं या गाळाचं महत्त्व. लाट कठीण दगडातून मऊ गाळात शिरली की तिचा वेग कमी होतो आणि हेलकावा वाढतो. जगाला हे फार महागात समजलं ते १९ सप्टेंबर १९८५ ला. मेक्सिको सिटीपासून भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटर दूर होतं, तरी शहराचा जो भाग जुन्या तळ्याच्या चिखलावर उभा होता, तिथल्या इमारती कोसळल्या आणि दगडावरचा भाग बराचसा बचावला. पूर्णेचा गाळ आणि मेक्सिकोचा चिखल एक नव्हे. पण खोऱ्यातल्या गावांमध्ये आता तीन-चार मजली इमारती उभ्या राहत आहेत. त्या बांधताना खालच्या मातीची तपासणी करून घेणं हा अभियंत्याचा हट्ट वाटला, तरी तो पुरवावा.

शेतातल्या भेगा भूकंपाच्या नव्हेत

एप्रिल-मेमध्ये काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कुणीतरी फोटो काढून ‘भूकंपाची लक्षणं’ म्हणून पाठवतो. काळ्या मातीत पाणी पिऊन फुगणारी चिकण खनिजं असतात. पाऊस पडला की ती फुगतात, ऊन लागलं की आक्रसतात आणि माती फाटते. जुलैत भेगा आपोआप बुजतात. विजेचे खांब तिरके होतात आणि कुंपणाच्या भिंतींना तडे जातात, तेही बहुतेक याच कारणानं.

साद्राबाडीचे आवाज

२०१८ च्या पावसाळ्यात धारणी तालुक्यातल्या साद्राबाडी परिसरात जमिनीतून आवाज यायला लागले, पाठोपाठ धक्के. लहान, पण पुन्हा पुन्हा. लोक घराबाहेर झोपू लागले. भूवैज्ञानिक येऊन गेले, यंत्रं बसली. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या लोकांनी तर असे आवाज वर्षानुवर्षं ऐकले आहेत. त्याच हिंगोली परिसरात २१ मार्च २०२४ ला सकाळी दहा-अकरा मिनिटांच्या अंतरानं ४.५ आणि ३.६ चे दोन धक्के बसले, आणि १० जुलैला पुन्हा ४.५ चा.

आवाज खरा असतो का? हो, अगदी खरा. भूकंप उथळ असेल आणि दगड कठीण असेल, तर ‘पी’ लाटेतला बारीक, जलद भाग जमिनीतून हवेत निसटतो. कानाला तो गुरगुरल्यासारखा किंवा सुरुंग फुटल्यासारखा ऐकू येतो. पुष्कळदा धक्का जाणवत नाही, फक्त आवाज येतो. गावकऱ्यांच्या बोलण्यावर तालुक्याच्या ठिकाणी लोक विश्वास ठेवत नाहीत, ते चुकीचं आहे.

एकच मोठा धक्का आणि नंतर छोटे, असं न होता सारख्याच आकाराच्या छोट्या धक्क्यांची रीघ लागते, तिला भूकंपांचा थवा म्हणतात. पावसाळ्याशी तिचा संबंध अभ्यासकांनी अनेक ठिकाणी पाहिला आहे. भेगांत मुरलेलं पाणी खडकांवर दाब टाकतं आणि आधीच ताणलेली चीर जराशी सरकते. पाण्याची ही करामत मोठ्या प्रमाणात दिसली ती कोयनेला. धरण भरल्यावर धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सहाहून मोठा भूकंप झाला. आज कोयनेचा भाग जगातल्या शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आहे. कऱ्हाडच्या संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली तिथं तीन किलोमीटर खोल विंधनविवर पाडलं गेलं, भूकंप जिथं जन्मतो तिथंच जाऊन त्याचा माग काढायला.

आभाळातून आलेला धक्का

बुलडाण्याचं लोणार वऱ्हाडचंच. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर उल्केच्या आदळण्यानं झालं. जगात काळ्या दगडात पडलेली अशी विवरं फार थोडी, आणि त्यांत लोणार इतकं नीट टिकलेलं दुसरं सांगता येणार नाही. मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे लोणारला येतात ते म्हणून. विवराचं वय आधी ५० हजार वर्षांच्या घरात धरत, नंतरच्या मोजणीत ते पाच लाखांच्या वर गेलं. उल्का आदळली त्या क्षणी वऱ्हाडच्या खडकांतून लाटा धावल्या असणारच. 

विदर्भात हिमनदी

आता माझी सगळ्यांत आवडती गोष्ट. मे महिन्यात ४५ अंश तापणाऱ्या चंद्रपूरमध्ये एकेकाळी हिमनदी वाहत होती.

१८७२ मध्ये फ्रान्सिस फेडन हे भूवैज्ञानिक चंद्रपूरजवळ इराई इथं नदीच्या पात्रात काम करत होते. तिथं त्यांना चुनखडीचा गुळगुळीत झालेला पृष्ठभाग दिसला. त्यावर एकाच दिशेनं गेलेल्या समांतर ओरखड्यांच्या रेघा. वर गोटे आणि मोठे धोंडे यांची बारीक चिखलात गच्च बसलेली खिचडी. पाणी दगडांची वर्गवारी करतं, जड आधी खाली टाकतं, हलकं पुढे नेतं. बर्फ असा भेद करत नाही, जे मिळेल ते सगळं उचलून नेतो आणि वितळला की जागच्या जागी टाकतो. हिमनदीच्या तळाला गोठून चिकटलेले दगड खालच्या खडकावरून घासत जातात, ते ओरखडे म्हणजे इराईच्या खडकावरच्या रेघा.

हा शोध सोपा नव्हता. उष्ण भारतात हिमनद्या होत्या, ही कल्पना १८५६ मध्ये ओडिशाच्या तालचेरला ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी मांडली होती, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवणं कठीण होतं. धोंडे तर पुरानंही येतील, असं म्हणता येत होतं. पण ओरखडलेला खडक पुराचा म्हणता येईना. इराईच्या रेघांनी ही बाजू भक्कम झाली.

हे घडलं सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा भारत दक्षिण ध्रुवाच्या बऱ्याच जवळ होता, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकाला चिकटून. त्या महाखंडाचं नाव आहे गोंडवन. तसेच ओरखडे, तसेच धोंड्यांचे थर त्या सगळ्या भूखंडांवर सापडतात. आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात असं म्हटलं, तेव्हा त्यांच्या हातातला एक मोठा पुरावा हाच होता.

बर्फ वितळल्यावर त्या भागात दलदल झाली, दलदलीत ग्लॉसोप्टेरिस झाडांची जंगलं माजली, ती गाडली गेली आणि त्यांचा दगडी कोळसा झाला. घुग्गुस, बल्लारपूरच्या खाणींतून निघतो तो हाच. त्या कोळशावर राज्यातली मोठी वीजकेंद्रं चालतात. भर उन्हाळ्यात कूलर लावताना कोळशाच्या थरांखाली हिमनदीचे धोंडे पडलेले आहेत, हे एकदा मुलांना जरूर सांगा.

भारत गोंडवनातून सुटला आणि उत्तरेला निघाला. दख्खनचा लाव्हा ओतला जात होता त्या सुमारास तो वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास वेगानं पळत होता. आशियाला धडकल्यावर वेग उतरला, आता तो वर्षाला पाचेक सेंटिमीटर आहे. ही ढकल अजून चालू आहे म्हणून हिमालय वाढतो, आणि तोच दाब शेकडो किलोमीटर दूर सातपुड्याच्या जुन्या भेगांवरही पडतो. साद्राबाडी, जबलपूर आणि चिखलदऱ्याच्या हादऱ्यांमागचं मूळ बळ ते.

बर्फही जमीन हलवतो

हिमनदी आणि भूकंप यांची गाठ फक्त जुन्या दगडांतच पडते असं नाही. ग्रीनलंडच्या हिमनद्यांचे डोंगराएवढे तुकडे समुद्रात उलटतात, तेव्हा पाचच्या आसपास तीव्रतेचे ‘हिमभूकंप’ नोंदले जातात. गेल्या वीसेक वर्षांतच ते ओळखू येऊ लागले, कारण त्यांच्या लाटा फार संथ असतात आणि नेहमीच्या तपासणीतून सुटून जायच्या. उत्तराखंडात ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोली जिल्ह्यात कडा आणि बर्फ एकत्र कोसळून पूर आला, तेव्हा ती पडझडही आसपासच्या भूकंपमापकांवर उमटली होती.

सगळ्यांत चक्रावणारी घटना १६ सप्टेंबर २०२३ ची. जगभरच्या भूकंपमापकांवर अचानक एक संथ गुणगुण सुरू झाली. दर ९२ सेकंदांनी एक हेलकावा. माणसाला जाणवणं शक्यच नाही, पण यंत्रांना जाणवला. एक दिवस गेला, दोन गेले, हेलकावा थांबेना. भूकंपाची नोंद सहसा मिनिटांत, फार तर तासांत संपते. ही नऊ दिवस चालली. पृथ्वीला नऊ दिवस कोण हलवतंय, हे कुणालाच सांगता येईना.

१५ देशांतले ६८ शास्त्रज्ञ कामाला लागले आणि २०२४ च्या सप्टेंबरात उत्तर प्रसिद्ध झालं. पूर्व ग्रीनलंडच्या डिक्सन फ्योर्ड या अरुंद खाडीत, पायथ्याची हिमनदी वितळून पातळ झाल्यामुळं डोंगराचा आधार गेला आणि सुमारे अडीच कोटी घनमीटर दगड-बर्फ पाण्यात कोसळला. २०० मीटर उंच लाट उठली. ती लाट त्या खाडीतून बाहेर पडू शकली नाही, एका काठावरून दुसऱ्या काठाकडे डुलत राहिली आणि प्रत्येक डुलण्याबरोबर पृथ्वीचं कवच कणभर हललं. कवचाचा हा हेलकावा जगाच्या पाठीवर सगळीकडे पोचला होता, म्हणजे अकोला-अमरावतीच्या जमिनीखालूनही तो नऊ दिवस जात होता.